सावलीतली डिश

पैठण रस्त्याला हुरड्याच्या पाट्या लागल्या की मी दिवस मोजायला लागते. रोज सकाळी कंपनीच्या बसनं मी गारखेड्यातून चितेगावला जाते. थंडी जरा मुरली की खिडकीतून त्या पाट्या दिसायला लागतात. चुलीवरचं जेवण, बैलगाडीची सफर, गरमागरम सुरती हुरडा. बसमधल्या बायका पाट्या वाचून रविवारचे बेत करतात आणि मला म्हणतात, "तुमचं तर घरचंच शेत, मजा आहे बाई तुमची." मी हो म्हणते. मजा आहेच.

पाट्या लागल्या की काही दिवसांतच अण्णांचा फोन जातो. अण्णा म्हणजे माझे वडील. शेतावरून येतात, हातपाय धुतात, पलंगावर बसून चष्मा लावतात आणि नंबर शोधतात. फोनवर ते जरा मोठ्यानंच बोलतात, त्यामुळे स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येतं.

"सर, नमस्कार. कणसं दुधात आली बघा. आयतवारी या. नाय नाय, मी काय ऐकणार नाय. लॅबची लेकरं बी घेऊन या."

हे सर म्हणजे माझे पीएच.डी.चे गाईड. ज्या माणसानं माझा केसानं गळा कापला, त्याला माझा बाप दरवर्षी आमच्याच शेतात हुरडा खायला बोलावतो. दरवर्षी ते येतात. आणि दरवर्षी मी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन देते.

हुरडा ही तशी बेभरवशाची गोष्ट आहे. ज्वारीचा दाणा भरलेला हवा, पण वाळलेला नको. नखानं दाबला तर दूध यायला हवं. ते दिवस थोडे असतात. आज कोवळा, परवा बरोबर, पुढच्या आठवड्यात निबर. निबर झाला की ती ज्वारी, मग तिची भाकरी करायची. जिवंतपणी गाठायचं, एवढीच अट. मी माझी उमेदीची वर्षं एका अंधाऱ्या खोलीत घालवली, तीही काहीतरी जिवंतपणी गाठायच्याच खटपटीत. म्हणून असेल, पण या दिवसांत दोन्हींचा वास एकत्रच येतो. गोवऱ्यांचा धूर आणि एसीच्या खोलीतला तो गारढोण, जरासा स्पिरिटचा वास.

आमची संशोधन संस्था लहान होती. नळाला पाणी यायच्या दिवशी संस्थेतही पिंपं भरून ठेवायला लागायची. पण तिथं एक मायक्रोस्कोप असा होता की पुण्या-मुंबईची माणसं तो बघायला यायची. साध्या मायक्रोस्कोपला एक मर्यादा असते. भिंग कितीही चांगलं घ्या, त्या मर्यादेहून जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसतात. ती मर्यादा ओलांडायची युक्ती सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली, आणि सांगितली ती मच्छरदाणीवरून. "दोन मच्छरदाण्या एकावर एक पडल्या की लाटा दिसतात की नाही? जाळीच्या भोकांपेक्षा त्या लाटा कितीतरी मोठ्या असतात. समज, जाळी इतकी बारीक आहे की दिसतच नाही. तरी लाटा दिसतील. लाटांवरून जाळी ओळखायची." म्हणजे पेशीवर साधा उजेड टाकायचा नाही, पट्ट्यापट्ट्यांचा टाकायचा. पट्टे जरा सरकवायचे, जरा फिरवायचे, दर वेळी फोटो घ्यायचा आणि ते सगळे फोटो कॉम्प्युटरला देऊन त्यांतून बारीक चित्र काढायचं.

मेलेल्या पेशीचं हे सोपं असतं, ती कुठं पळत नाही. जिवंत पेशीच्या आत मात्र बाजार भरलेला असतो. एक फोटो घेऊन दुसरा घेईपर्यंत आतलं सगळं हललेलं. म्हणून वेग हवा. वेग हवा तर उजेड जास्त हवा. आणि उजेड जास्त झाला की पेशी आतल्या आत भाजते. माझं सगळं संशोधन म्हणजे या भांडणातली मध्यस्थी होती. चित्र बारीक हवं, भरभर हवं, आणि पेशीला त्रास नको.

"पेशी आपली पाहुणी आहे," सर म्हणायचे. "पाहुण्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून 'बरे आहात ना' असं विचारू नये."

सरांची भाषा कडक इस्त्रीची. मी शेतावरची पोर, सुरुवातीला त्यांच्यासमोर 'हाय' आणि 'व्हय' गिळून बोलायचे. ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "रेणुका, मायक्रोस्कोपला उच्चार ऐकू येत नाहीत." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. माणूस असाच, फुकटात विकला जातो.

आणि ते होतेच तसे. मायक्रोस्कोपच्या खोलीतल्या यंत्रांवरचे हिरवे-लाल बारके दिवे त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काळ्या टेपनं झाकले होते, उगीच एवढासाही उजेड पेशीवर पडू नये म्हणून. एसीचा झोत सुरू झाला की चित्र केसभर सरकायचं, म्हणून फोटो घेताना एसी बंद. एप्रिलमध्ये त्या कोंडलेल्या खोलीत आम्ही दोघं घामानं निथळत असायचो आणि सर आरसे जुळवता जुळवता काहीतरी बेसूर गुणगुणत असायचे. डबा उघडला की अर्धं थालीपीठ न विचारता माझ्या झाकणात. आता हे सगळं आठवताना मला राग येतो. वाईट माणसानं आधीपासून वाईट असावं, म्हणजे हिशेब सोपा राहतो.

त्या खोलीत सरांचा एक नियम होता. प्रत्येक वेळी दोन डिश करायच्या. दोन्हींत त्याच पेशी, तोच रंग. एक भिंगाखाली ठेवायची. दुसरी तेवढ्याच उबेत, पण काळ्या कापडाखाली. तिच्यावर उजेड पडू द्यायचा नाही. काम झालं की शेवटी कापड काढायचं आणि तिचा एकच फोटो घ्यायचा. दोन्हींत सारखं दिसलं, तर आपण बघितलं ते पेशीचं. वेगळं दिसलं, तर ते आपल्या उजेडानं केलेलं. तिला आम्ही सावलीतली डिश म्हणायचो.

"दिसलं म्हणून नाचायचं नाही," सर म्हणायचे. "आधी विचारायचं, हे मी तर केलं नाही ना?"

हे वाक्य मी इतकं मनापासून घेतलं की पुढं ते मलाच चावलं. पण ते नंतर.

सर पहिल्यांदा शेतावर आले ती थंडी मला लख्ख आठवते. आमच्याकडे रीत आहे, आगटीतून निघालेली पहिली मूठ पाहुण्याची. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव केलेला असतो, त्यात कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि हिरवे दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. हे काम अण्णांचं. त्यांच्या तळहातांना विस्तव लागत नाही. त्यांनी पहिली मूठ सरांच्या हातावर ओतली, तर सरांनी त्यातली अर्धी माझ्या हातावर उलटी केली आणि म्हणाले, "अण्णा, अर्धी मूठ माझ्या विद्यार्थिनीची."

अण्णांनी पुढचं कणीस चोळायला घेतलं. रात्री घरी आल्यावर आईला म्हणाले, "मानूस लई मोठा हाय. घास वाटून खातो." शेती सांभाळून कंपनीत मशीनवर उभं राहून जन्म काढलेला माझा बाप, साहेब लोकांना त्यानं लांबूनच पाहिलेलं. त्या अर्ध्या मुठीनं त्याला कायमचं बांधून घेतलं.

पुढं एक हिवाळा आला आणि मला ती लाट दिसली.

शाळेत पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून पाठ करतो त्या मायटोकॉन्ड्रिया. पुस्तकात त्या घेवड्याच्या दाण्यासारख्या काढलेल्या असतात. जिवंत पेशीत त्या लांब दोरे असतात, वळवळतात, एकमेकींना जुळतात, सुटतात. माझ्या पद्धतीनं आता त्यांचा इतका भरभर आणि इतका बारीक व्हिडिओ निघत होता की मीच खुळ्यासारखी बघत बसायचे. त्या दिवशी एक दोरा मध्येच बारीक झाला आणि तुटला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. गल्लीत एका घरातून दुसऱ्या घरात निरोप जावा तसं ते तुटणं पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. असं कुणी पाहिलेलं नव्हतं. सर खुर्चीवरून उठले, परत बसले, आणि मग स्वतः जाऊन पेढे घेऊन आले.

पेढा तोंडात असतानाच मी काळं कापड काढलं. सावलीतल्या डिशमध्ये सगळे दोरे लांबच्या लांब, धडधाकट.

मी पुन्हा केलं. नव्या पेशी घेऊन केलं. उजेड कमी केला, तर तुटणं सावकाश झालं. अजून कमी केला, तर तुटलंच नाही. ती लाट पेशीची नव्हती, आमच्या उजेडाची होती. आम्ही पाहुण्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली होती आणि तो डोळे चोळतोय त्याला नाच समजलो होतो.

सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळे फोटो त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. म्हणाले, "शाबास. यालाच मी शिकणं म्हणतो." मी तरंगत बाहेर आले. हातातला शोध गेला होता, पण ती शाबासकी मला त्याहून मोठी वाटली. आज वाटतं, त्या क्षणी त्यांनी मनात सगळं ठरवलेलं असेल. चष्मा पुसायला तेवढाच वेळ लागला.

पुढच्याच हुरड्याला सर आगटीपाशी बसले होते. हातात गूळ, मांडीवर चटणीची वाटी. सहज म्हणाले, "अण्णा, आज तुम्हाला बातमी द्यायची आहे. रेणुकाचं संशोधन परदेशातल्या मोठ्या मासिकानं घेतलं. पुढच्या महिन्यात छापून येईल. आणि पहिलं नाव कुणाचं? रेणुकाचं. माझं अगदी शेवटी."

माझ्या हातात कणीस होतं. कुठलं संशोधन, हे मला विचारावं लागलं नाही. मासिकाशी सगळा पत्रव्यवहार लॅबच्या ईमेलवर चालायचा आणि तो सरच उघडायचे. अण्णांनी हातातली कणसं खाली ठेवली आणि सरांना हात जोडले. सर वयानं त्यांच्याहून लहान. मग माझ्याकडे वळून नुसतं "माय" म्हणाले. मला ते असं त्याआधी एकदाच म्हणाले होते, दहावीच्या निकालाला.

सर निघताना मी त्यांना गाडीपाशी गाठलं.

"सर, सावलीतली डिश?"

"तिची जागा पुढच्या पेपरात."

"पण ते उजेडानं तुटलं सर. तुम्हीच शाबास म्हणालात."

"म्हणालोच. आणि आजही म्हणतो." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "तुझं नाव पहिलं टाकलंय, रेणुका. या शहरातून असा पेपर आधी कुणाचा गेलाय? थोडं मोठं व्हायला शिक." आणि मग अगदी त्यांच्या नेहमीच्या, थालीपीठ वाटतानाच्या आवाजात म्हणाले, "दमली आहेस. दोन दिवस घरी राहा."

त्यांनी माझं नाव चोरलं असतं ना, तर बरं झालं असतं. चोरीची तक्रार करता येते, चार माणसं हळहळतात, चहाच्या टपरीवर सरांच्या नावानं बोटं मोडता येतात. इथं माझ्याच नावाचा शेंदूर एका खोट्या दगडाला फासला होता आणि लोक मला नमस्कार करत होते. ज्याच्या नावानं देव बसवला, त्यानंच तो दगड आहे म्हणून ओरडायचं. लोकांनी ऐकलं, हसले, आणि म्हणाले, किती नम्र मुलगी आहे.

ओरडले मी. मासिकाला लिहिलं. त्यांनी रीतीप्रमाणे सरांना विचारलं. सरांचं उत्तर इतकं सभ्य होतं की मला स्वतःलाच पटलं असतं. मोजमापांतल्या फरकांचा अभ्यास सुरू आहे, विद्यार्थिनी सध्या बरीच तणावाखाली आहे, तिची आम्हाला सर्वांना काळजी वाटते. ते तणावाचं वाक्य वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. विषय मिटला. मिटवला नाही कुणी, आपोआप मिटला, जसे आपल्याकडे मिटतात.

मग मी प्रबंध लिहिला. त्यात ती लाट जशी होती तशी लिहिली, सावलीतल्या डिशसकट, आणि सरांच्या टेबलावर ठेवला. गाईडची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढं सरकत नाही. सर कधीच नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते म्हणायचे, "ठेव, बघू." दर महिन्याला विचारलं, दर महिन्याला 'बघू'. असं बघता बघता माझ्या नोंदणीची मुदत संपली, वाढवून घेतलेली मुदतही संपली आणि विद्यापीठानं माझं नाव काढून टाकलं. आता देव जरी सही घेऊन आला तरी तिचा उपयोग नाही. मी चितेगावच्या औषध कंपनीत लागले. तिथंही मायक्रोस्कोप आहे, बाटलीत जंतू आहेत का एवढं बघायचा. साधाच आहे, पण जे दिसतं तेच लिहून देते.

त्या दिवसांत सगळ्यात जास्त छळलं ते त्यांच्याच वाक्यानं. हे मी तर केलं नाही ना? अंगात इतकं मुरलं होतं की दुसऱ्यानं गळा कापला तरी मी आधी माझीच नखं तपासत होते. मीच नीट समजावलं नसेल का? व्हिडिओ बघून मीच फार नाचले का? सरांना खरंच माझं भलं करायचं असेल का? माणसाला स्वतःवर संशय घ्यायला शिकवावं आणि मग त्यालाच फसवावं, यासारखी सोय नाही. फसवलेला माणूस बिचारा वर्षभर स्वतःचीच झडती घेत बसतो.

अण्णांना मी सगळं सांगितलं होतं, पेपर छापून आला त्याच महिन्यात. तोवर त्यांनी पेपरचं पहिलं पान फ्रेम करून बैठकीत लावलेलं.

"खोटं हाय अण्णा ते. काढा तिथून."

ते फ्रेमकडे बघत राहिले. "नाव तुझंच हाय का नाय?"

"माझंच हाय."

"मग नाव तर खरं हाय ना?"

फ्रेम अजून तिथंच आहे. मधल्या काळात शहराचं नाव बदललं. कागदावर शहराचं जुनं नाव आहे आणि त्याच्या वर माझं. घरी येणाऱ्याला अण्णा ती दाखवतात. मी आत निघून जाते. आणि सरांना का बोलावता, असं विचारलं की एकच उत्तर. "मानूस तोडू नये बाई. हुरड्याला आलेल्या मानसाला पुन्हा बोलवायचं नाय, ही आपली रीत नाय." मी ते रीतीवरच घातलं. माझा बाप भोळा आहे, रीतीचा गुलाम आहे, असं म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर चिडले आणि त्यांना माफही केलं.

या वर्षी सर आले ते गाडीभर विद्यार्थी घेऊन. सगळे नवे चेहरे. त्यातली एक मुलगी, प्रणिता, सारखी माझ्या आजूबाजूला घोटाळत होती. आगटी अजून धुमसत होती, अण्णा गोवऱ्या रचत होते. बोरं तोडायला चला म्हणून मी तिला बांधावर घेऊन गेले.

प्रणिता फर्दापूरची. तिचे वडील लेण्यांत पर्यटकांना चित्रं समजावून सांगतात. "तिथं फ्लॅश मारू देत नाय मॅडम, रंग उडतो चित्रांचा," ती म्हणाली. "त्याच्यामुळं सावलीतली डिश मला पहिल्याच दिवशी कळली. सर सांगतात, हा नियम लॅबला तुम्ही लावला. रेणुकाचा नियम म्हणतात त्याला."

मी बोराच्या काटेरी फांदीतला हात तसाच ठेवला. त्यांनी तो नियमसुद्धा मला देऊन टाकला होता. खोटा पेपर माझ्या नावावर, खरा नियमही माझ्या नावावर. स्वतःकडे काहीच ठेवलं नव्हतं, म्हणजे पाळायलाही काही उरलं नव्हतं. इतकं हलकं होऊन जगता येतं हे मला माहीतच नव्हतं.

"मी तुमचाच पेपर पुढं नेतेय," प्रणिता म्हणत होती. "पण माझी सावलीतली डिश जुळतच नाय. किती दिवस झाले. उजेडात लाट दिसते आणि सावलीत सगळं धडधाकट. माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही नेमकं काय केलं होतं?"

म्हणजे हिनंही आधी स्वतःचीच झडती घेतली होती.

"तुझं काही चुकत नाही," मी म्हणाले. "ती जुळणार नाही. माझीही जुळली नव्हती. ती लाट उजेडाची आहे, पेशीची नाही. मी सरांना तेव्हाच सांगितलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातलं अर्धं खाल्लेलं बोर तिनं फेकलं नाही की खाल्लं नाही.

"सरांना सांगितलंस, जुळत नाही म्हणून?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात सांगितलं."

"काय म्हणाले?"

"शाबास म्हणले."

तिनं ते अर्धं बोर अखेर बांधावर ठेवून दिलं. मग ती म्हणाली, "माझं शेवटचं वर्ष आहे मॅडम. मी काय करू?" ज्यानं ठेच खाल्ली त्याच्याकडे निदान वाटेची माहिती तरी असावी. मी तिला एवढंच म्हणाले की फोटो सगळे जपून ठेव, आणि माझा नंबर घे, काही लागलं तर मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. तिनं नंबर घेतला. घेताना तिच्या चेहऱ्यावर मला जरासा आधार दिसला, किंवा मला तसा दिसावासा वाटला.

ती पुढं गेली. मी चटणीचा डबा घ्यायला खोपीत गेले, डबा उचलला. खोपीच्या मागं विहिरीपाशी अण्णा आणि सर उभे होते. त्यांना मी दिसत नव्हते. फोनवर नसतानाही अण्णांचा आवाज तसा मोठाच, पण आत्ता तो मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता.

"सर, तेवढं बघा की. पोर तापट हाय, बोलली असंल काय वाकडंतिकडं. मी माफी मागतो तिच्यावतीनं. पर येवढी सही तेवढी करून टाका. मागल्या साली बी तुम्ही बघू म्हणला व्हता."

सर हसल्याचा आवाज आला, अगदी प्रेमळ.

"बघू अण्णा. यंदा नक्की बघू."

सरांना माहीत होतं. माझी मुदत केव्हाच संपली, आता त्यांची सही कागदावर काय आणि वाळूवर काय, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांना वाटतं, मोठ्या माणसाची सही कधीही चालते. इतकी वर्षं रीत म्हणून, माणूस तोडू नये म्हणून मी जे समजत होते, ते हे होतं. दर थंडीला माझा बाप पेरत होता, राखत होता, कोवळी कणसं बघून फोन करत होता, आणि विहिरीमागं जाऊन माझ्या नावानं माफी मागत होता. न केलेल्या गुन्ह्याची, न मिळणाऱ्या सहीसाठी. आणि तो माणूस हुरडा खाऊन त्याला पुढच्या वर्षाचा वायदा देत होता. मला फसवलं ते फसवलं. म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. आणि म्हाताऱ्यानं मला न विचारता माझी मान त्यांच्यापुढं वाकवून ठेवली होती, दरवर्षी, इतकी वर्षं. कुणावर जास्त रागवावं हे मला तिथं डबा हातात घेऊन उभं असताना कळेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आगटीपाशी सगळे गोल बसले. गूळ, दही, लसणाची चटणी मध्ये आली. अण्णांनी विस्तवातून कणसं काढली, वास सुटला, पोरं सरसावून बसली. दरवर्षीप्रमाणे अण्णांनी चोळायला कणीस उचललं आणि मग थांबले. माझ्याकडे बघितलं.

"यंदा पयली मूठ तू दे," ते म्हणाले. "सरांना."

मला कळलं ते का म्हणत होते. त्यांना वाटत होतं, माझ्या हातून गेली तर बात बनंल. त्यांच्या डोळ्यांत पुरती अजिजी होती, आणि ती माझ्यासाठी होती. सरांनी सवयीनं हात पुढं केलाच होता. त्यांच्या पलीकडे प्रणिता बसली होती आणि माझ्या हातांकडे बघत होती.

मी कणीस घेतलं. चोळलं. माझे तळहात अण्णांसारखे नाहीत, चांगलेच भाजले. फुंकर मारली, फोलपट उडालं, हिरवे दाणे राहिले. सरांचा हात तसाच पुढं होता. अण्णांनी दुसरं कणीस उचललंच नव्हतं.

मी मूठ सरांच्या हातावर रिकामी केली.

प्रणितानं मान खाली घातली आणि गुळाचा खडा फोडायला घेतला. सरांनी दाणे या हातातून त्या हातात खेळवले, तोंडात टाकले, डोळे मिटून सावकाश चावले.

"अण्णा," ते म्हणाले, "यंदाचा गोड निघाला."